बादली कोणी पाहिली?

प्रश्न : ताई, कथा सोबत पाठवली आहे. निवेदक लालबागचे निवृत्त गिरणी कामगार. ८२च्या संपात आपण एक दिवसही कामावर गेलो नाही, असं ते नातवाला सांगतात. शेवटी नातवाला ट्रंकेत त्याच वर्षाची पगाराची पावती सापडते. मित्र म्हणतात, शेवट चिकटवल्यासारखा वाटतो. काय चुकलं? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मित्रांचं खरं आहे. नऊ पानं आजोबा 'मी' म्हणून बोलतात. दहाव्या पानावर ट्रंक उघडते, तेव्हा आजोबा देवळात. मग पावती पाहतंय कोण? तुम्ही! गोष्ट त्यांची आणि पुरावा तुमच्या खिशातला, म्हणून तो चिकटवलेला वाटतो.

गंमत म्हणजे खरा पुरावा सहाव्या पानावर तुम्हीच लिहून गेलात, बहुधा नकळत. 'त्या पावसाळ्यात साचाखात्याचं छप्पर गळायचं, दोन साच्यांच्या मध्ये बादली ठेवलेली असायची.' (साचे म्हणजे कापड विणायचे माग.) अहो, संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ला. पावसाळ्यात हे गृहस्थ गेटबाहेर होते ना? मग बादली पाहिली कधी? तिथे मी हातातला चहा खाली ठेवला. पावती काढून टाका, बादली राहू द्या. तिच्याकडे बोट मात्र दाखवू नका.

आणखी एक करा. संपातल्या दिवसांत गिरणीच्या आत काय चाललं होतं, हे सांगताना आजोबांच्या तोंडी 'म्हणे' घाला. निम्मे साचे बंद होते म्हणे, मुकादम स्वतः झाडू मारायचा म्हणे. ऐकीव गोष्टीला मराठी माणूस हे शेपूट लावतोच. फक्त बादलीपाशी ते लावायला आजोबा विसरतात.

परळला आमच्या चाळीत असे एक काका होते. मोर्चाचं सांगताना 'आम्ही' म्हणायचे, उपासमारीचं सांगताना 'लोकांनी'. लोकांनी भांडी विकली, लोकांनी पोरांच्या शाळा सोडवल्या. आई एकदा मेथी निवडता निवडता पुटपुटली, "यांची पितळी मात्र फळीवरून हलली नाहीत." 'अविश्वसनीय निवेदक' ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकी समीक्षकाने १९६१मध्ये रूढ केली, आईचं तिच्यावाचून अडलं नाही. मला तेव्हा आई कुचकी वाटली होती. आता वाटतं, सुमारे अडीच लाख माणसं बाहेर असताना जो मान खाली घालून आत गेला, त्याला पुढे चाळीस वर्षं 'आम्ही' म्हणावंसं वाटणारच. तुमच्या आजोबांना ही लाज द्या. सध्या ते नुसतेच थापाडे आहेत.

प्रश्न : लोकलमधल्या एका मारामारीच्या तीन साक्षी लिहिल्यात. शेवटी खरं काय ते सांगावं का? — एक वाचक, विरार

उत्तर : नको. जपानी लेखक अकुतागावा यांच्या 'इन अ ग्रोव्ह' या नावाने इंग्रजीत गाजलेल्या १९२२च्या कथेत सात जण बोलतात आणि खून कसा झाला हे शेवटपर्यंत ठरत नाही. पण त्यात दरोडेखोर म्हणतो मी मारलं, बायको म्हणते मी, आणि मेलेला नवरा भगताच्या तोंडून म्हणतो, मीच स्वतःला. तुमचे तिघे मात्र एकमेकांवर ढकलतात, ते कुठल्याही रेल्वे चौकीत रोज चालतं. तिघांतल्या एकाला, शक्यतो ज्याने हात उचललाच नाही त्याला, मार आपण दिला असं सांगू द्या.