सी१ अ‍ॅडव्हान्स्डचा निबंध: पेन टेकवण्याआधी

केंब्रिजच्या या इंग्रजी परीक्षेत लेखनाच्या पेपरात 90 मिनिटांत दोन लेखनं, म्हणजे निबंधाला साधारण 45. पहिली दहा कच्च्या आराखड्याला द्या. प्रश्नात तीन मुद्दे असतात, घ्यायचे दोनच. नवखे तिन्ही कोंबतात आणि 220 ते 260 शब्दांत एकही धड फुलत नाही. त्याहून महागात पडणारी चूक म्हणजे दोन्ही मुद्दे छान मांडायचे, पण त्यांतला जास्त महत्त्वाचा कोणता आणि का, हे विसरायचं. प्रश्न तर तेच विचारतो! प्रश्नासोबत दिलेली मतं वापरलीत तर शब्द बदला. ‘टू एक्स्पेन्सिव्ह’चं ‘अ स्ट्रेन ऑन पब्लिक फंड्स’ करा. घोकलेली भारदस्त वाक्यं नकोत, ती उपरी वाटतात. शेवटची पाच मिनिटं ‘अ’ आणि ‘द’ तपासायला ठेवा. मराठीत आर्टिकल नसल्यामुळे आपली मंडळी तिथेच घसरतात.