पेशंट-कंट्रोलमधला फरक खरा मानण्याआधी प्रत्येक इंजेक्शनचं वस्तुमान मागून घ्या

तुम्ही लिहिलंय की पहिल्यांदाच आजारी पडलेल्या, अजून औषध सुरू न झालेल्या स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचे एफएलबी-४५७ हा ट्रेसर (रिसेप्टरला चिकटणारा, किरणोत्सारी खूण लावलेला रेणू) वापरून पेट (पीईटी) स्कॅन केलेत. मेंदूच्या अँटिरियर सिंग्युलेट आणि थॅलॅमस या भागांत डोपामिनच्या डी-२ रिसेप्टरचं बाइंडिंग (ट्रेसर चिकटण्याचं प्रमाण) कंट्रोलपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी लोकांपेक्षा, कमी दिसतंय आणि गाइड म्हणतायत पेपर लिहायला घ्या. पण पेशंटचे स्कॅन बहुतेक वेळा उशिरा सुरू झालेत हे तुम्हाला खटकतंय, आणि ट्रेसर बनवणारा विभाग ‘डोस मर्यादेत होता’ यापलीकडे काही बोलत नाही. हे शेवटचं वाचलं आणि लगेच लिहायला घेतलं, कारण नेमकं हेच दुखणं मी काढलंय.

स्कॅनरचं कॅलिब्रेशन, एमआरआयशी जुळवणी वगैरे तुम्ही बघितलंच असणार, त्यात शिरत नाही. तुमची शंका रास्त आहे. माझ्या मते ती निकालात निघेपर्यंत पेपरची एक ओळही लिहू नये.

कारण असं. ट्रेसरवर खूण म्हणून लावलेल्या कार्बन-११ या किरणोत्सारी अणूचं अर्धायुष्य साधारण २०.४ मिनिटं. डोस हॉट सेलमधून (ट्रेसर बनवायच्या बंदिस्त कपाटातून) निघाला आणि पेशंट टेबलावर यायला वीस मिनिटं उशीर झाला, तर किरणोत्सार निम्मा होतो, रेणूंची संख्या मात्र तेवढीच राहते. इंजेक्शन देणाऱ्याला ठरलेले मेगाबेकरल (किरणोत्साराचं एकक) गाठायचे असतात, म्हणून तो सिरिंजमध्ये दुप्पट द्राव ओढतो. कागदावर डोस तोच, पण शरीरात गेलेलं औषध दुप्पट. आकड्यांत बघा: मोलर अ‍ॅक्टिव्हिटी (ठरावीक रेणूंमागचा किरणोत्सार) ३०० गिगाबेकरल प्रति मायक्रोमोल असताना ३०० मेगाबेकरल दिले तर एक नॅनोमोल जातो, म्हणजे एफएलबीचे सुमारे ०.३७ मायक्रोग्रॅम. वीस मिनिटांनी तेच ३०० मेगाबेकरल द्यायला ०.७४ लागतात, चाळीस मिनिटांनी जवळपास दीड.

रॅक्लोप्राइड हा दुसरा डी-२ ट्रेसर असता तर एवढ्याने फारसं बिघडलं नसतं. त्याची रिसेप्टरवरची पकड नॅनोमोलरच्या घरातली आहे. एफएलबीची पिकोमोलरच्या घरातली, म्हणजे कितीतरी घट्ट, म्हणून तर कॉर्टेक्ससारख्या विरळ रिसेप्टरच्या भागात ते चालतं. पण सिंग्युलेटमध्ये रिसेप्टर मुळातच थोडे, त्यात थंड (किरणोत्सार नसलेल्या) रेणूंनी जागा अडवल्या की बाइंडिंग पोटेन्शियल (बाइंडिंगचं माप) खाली येणारच. तो आजार नव्हे, ती गर्दी आहे.

आता उशीर कोणाला होतो? कंट्रोल वेळेवर येतात, सांगितलं तसं झोपतात. पेशंट वॉर्डातून येतो, घाबरलेला असतो, नातेवाइकांना पुन्हा समजावावं लागतं, आर्टेरियल लाइन (रक्त घ्यायला धमनीत घालायची नळी) बघून तो उठून बसतो. त्यामुळे हा उशीर दोन्ही गटांत सारखा वाटला जात नाही, तो एकाच बाजूला साचतो. सरासरीत तो विरून जाईल ही आशा सोडा.

माझ्या वेळी ट्रेसरच्या विभागाच्या प्रमाणपत्रावर सगळं होतं: पीएच, रेडिओकेमिकल शुद्धता, निर्जंतुकीकरण, कॅलिब्रेशनच्या वेळचे मेगाबेकरल. वस्तुमानाच्या रकान्यात प्रत्येक वेळी एकच शब्द, ‘मर्यादेत’. ती मर्यादा औषधी दुष्परिणाम होऊ नये म्हणून आखलेली, सुरक्षेची. ट्रेसर ट्रेसर राहावा यासाठीची मर्यादा तिच्या कितीतरी खाली असते. हे मी तोंडी सांगितलं, लेखी दिलं, मीटिंगमध्ये मांडलं. उत्तर ठरलेलं: फॉरमॅट मंजूर आहे, बदलता येत नाही. बरं, आकडा त्यांच्याकडे नव्हता असंही नाही. प्रत्येक बॅचच्या क्वालिटी कंट्रोलला एचपीएलसीचा (द्रावातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा) यूव्ही पीक निघतोच, त्याच्या क्षेत्रफळावरून वस्तुमान काढणं पाच मिनिटांचं काम. शेवटी वरून पत्र गेलं तेव्हा कळलं की जुन्या क्रोमॅटोग्रामच्या (त्या पीकच्या आलेखांच्या) फायली जागा करायला पुसून टाकल्यात.

मला सर्वांत जास्त लागलं ते पुढचं. कंट्रोलला पुन्हा बोलावता येतं. पण ज्या मुलाने भास होत असताना, औषधाचा पहिला डोस थोडा पुढे ढकलून, डोकं मास्कमध्ये अडकवून तो स्कॅन सोसला, त्याला पुन्हा औषध न घेतलेला करता येत नाही. ते स्कॅन आम्हाला विश्लेषणातून वगळावे लागले. इतक्या वर्षांनंतरही त्या विभागाबद्दल माझ्या मनात राग आहे, आणि तो योग्यच आहे असं मला वाटतं.

तर आजच्या आज एवढं करा. एचपीएलसीच्या मूळ फायली मागा, रिपोर्ट नव्हे. सोबत स्टँडर्ड कर्व्ह (पीकवरून वस्तुमान काढायचा आलेख), संश्लेषण संपल्याची वेळ, इंजेक्शनची वेळ आणि इंजेक्शनआधी व नंतर मोजलेली सिरिंज. यावरून प्रत्येकाचं वस्तुमान निघतं. मग फक्त कंट्रोल घेऊन वस्तुमान आणि बाइंडिंगचा ग्राफ काढा. पेशंट त्यात मिसळू नका. कंट्रोलमध्येच रेष खाली उतरत असेल तर उत्तर मिळालं. कोणी म्हणेल की वस्तुमान कोव्हेरिएट म्हणून (गणितात ज्याचा परिणाम वजा करायचा असा घटक म्हणून) टाका आणि मोकळे व्हा. दोन्ही गटांची वस्तुमानं एकमेकांवर पडत असतील तरच ते चालतं. पेशंट सगळे उजवीकडे आणि कंट्रोल सगळे डावीकडे असतील, तर कुठलंही गणित त्यांना वेगळं करून देणार नाही.

२००२ मध्ये जपानच्या सुहारा यांच्या गटाने याच ट्रेसरने औषध न घेतलेल्या पेशंटच्या सिंग्युलेटमध्ये घट दाखवली होती. त्याच्याशी जुळतंय म्हणून तुमचे गाइड निर्धास्त असतील. दिशा जुळणं हा पुरावा नाही. या क्षेत्राने हे आधीच भोगलंय: १९८६ मध्ये वाँग आणि सहकाऱ्यांनी मिथाइलस्पिपेरोन हा ट्रेसर वापरून स्किझोफ्रेनियात डी-२ वाढल्याचं सांगितलं, आणि पाठोपाठ स्टॉकहोमच्या फार्डे यांच्या गटाला रॅक्लोप्राइडने फरकच दिसला नाही. डिप्रेशनमधल्या ५-एचटी१ए या सेरोटोनिन रिसेप्टरचंही तसंच, कोणाला घट, कोणाला वाढ, आणि त्यातला बराचसा वाद सेरेबेलमला (लहान मेंदूला) रिसेप्टर नसलेला संदर्भ मानायचं की धमनीतलं रक्त मोजायचं इथे येऊन थांबतो. एफएलबीलाही सेरेबेलम पूर्ण कोरं नसतं. तुम्ही आर्टेरियल लाइन घातलीच आहे, तर डिस्ट्रिब्युशन व्हॉल्यूमही (रक्ताच्या तुलनेत मेंदूच्या भागात किती ट्रेसर आहे त्याचं माप) दाखवा.

मी डी-२ वाला माणूस आहे, मॉडेलिंग तुमच्या फिजिसिस्टकडून तपासून घ्या. टीएसपीओबद्दल (मेंदूतल्या दाहाची खूण म्हणून मोजलं जाणारं प्रथिन) इथे कोणी विचारलं होतं, त्यात एकच सांगतो: पीबीआर-२८ सारखा ट्रेसर असेल तर आरएस६९७१ या जनुकीय फरकाचा जीनोटाइप स्कॅनच्या आधी करा, नाहीतर कमी आणि जास्त पकडीची माणसं एका ढिगात येतात.

आणि धाग्यात एका ताईंनी विचारलंय की भावाचं निदान पक्कं करायला असा स्कॅन करावा का. ताई, नको. हे सगळे फरक गटांच्या सरासरीचे आहेत. एका माणसाच्या स्कॅनवरून त्याला स्किझोफ्रेनिया आहे की नाही हे आज कोणीही सांगू शकत नाही, आणि सांगतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ट्यूमर, एपिलेप्सी किंवा डिमेन्शियाची शंका असेल तर गोष्ट वेगळी, ते तुमचे डॉक्टर ठरवतील.

मूळ प्रश्नकर्त्यांनी कंट्रोलचा ग्राफ निघाला की नावं काढून इथे टाकावा. फायली आहेत की नाहीत हे मात्र आधी विचारा, उद्यावर ढकलू नका.