ऑपरेशनमध्ये टाके न घालता पट्टी चिकटवून रक्त थांबवतात, ती नेमकी कशी चिकटते? आणि नंतर काढावी लागते का?

काढावी लागत नाही, काही महिन्यांत शरीरच ती विरघळवून टाकतं.

चिकटण्याचं तत्त्व मला फार सुंदर वाटतं, कारण काही पट्ट्यांत बाहेरचा गोंद नसतोच. टॅकोसिल नावाच्या पट्टीचं उदाहरण घ्या. घोड्याच्या कोलॅजन या प्रथिनाचा पातळ स्पंज, त्याच्या एका पिवळ्या बाजूवर मानवी रक्तातून मिळवलेले फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे घटक कोरड्या रूपात बसवलेले. ओल लागली की थ्रॉम्बिन फायब्रिनोजेनचं फायब्रिन, म्हणजे चिवट धाग्यांचं जाळं, करतं आणि त्या जाळ्यानं पट्टी जखमेला धरून बसते. जखम झाल्यावर रक्त गोठतं, त्यातली शेवटची पायरीच ही! सर्जन ती ३ ते ५ मिनिटं हलक्या हातानं दाबून धरतात. हातमोज्यावर रक्त असेल तर पट्टी मोज्यालाच चिकटते, म्हणून मोजे आधी सलाइननं धुतात.

हेमोपॅच ही दुसरी पट्टी थोडी वेगळी: गाईगुरांचं कोलॅजन, त्यावर पीईजी नावाच्या पॉलिमरचा थर, जो ऊतींतल्या प्रथिनांशी थेट रासायनिक बंध जोडतो.

खरा उपयोग यकृतासारख्या मऊ अवयवात, जिथे टाका घट्ट ओढला की ऊतीच फाटते. फुफ्फुसातली हवेची गळती बंद करायलाही वापरतात. मोठी रक्तवाहिनी जोरात वाहत असेल तर मात्र टाकेच हवेत.

घोड्याच्या प्रथिनांची किंवा मानवी रक्तघटकांची ॲलर्जी असेल तर ऑपरेशनआधी डॉक्टरांना नक्की सांगा.