सर्जनला संशोधनात करिअर करता येतं का, की ते लॅबवाल्यांचं काम?

तुम्ही लिहिलंय की भाऊ ईएनटीत एमएस करतोय, पुढे त्याला डोकं-मानेच्या कॅन्सरची सर्जरी करायची आहे आणि संशोधनही. घरच्यांचं म्हणणं, सर्जनने ऑपरेशनं करावीत, संशोधन पीएचडीवाले बघतील. मी याच शाखेत आहे म्हणून लिहितो.

करता येतं, आणि लॅबची पायरीही न चढता. ज्या गोष्टीवरून दोन सिनियर रोज ओटीत भांडतात आणि दोघांकडेही पुराव्यापेक्षा सवयच जास्त असते, तिचा एकदाचा निकाल लावणं, हेच आमचं संशोधन.

उदाहरण आपल्या मुंबईतलंच घ्या. तंबाखू, गुटखा, मशेरी यांच्या कृपेने जीभ आणि गालाच्या कॅन्सरचे पेशंट आपल्याकडे रोजचेच. समजा जिभेच्या कडेला लहानशी गाठ आहे आणि मान तपासली तर हाताला काही लागत नाही. मग जिभेच्या ऑपरेशनबरोबरच मानेतल्या लसिका गाठी (लिम्फ नोड्स, जिथे कॅन्सर आधी पसरतो) काढून टाकायच्या, की लक्ष ठेवून राहायचं आणि तिथे काही उगवलं तरच मान उघडायची? काढा म्हणणारे सांगत, न दिसणारा आजार आत असू शकतो. थांबा म्हणणारे विचारत, ज्याच्या मानेत काहीच नाही त्याला ही शिक्षा का? खांद्याकडे जाणारी नस दुखावली तर माणसाला हात वर करून केस विंचरणंही जड जातं. दोन्ही बाजू खऱ्या होत्या, म्हणूनच वाद कित्येक दशकं मिटला नाही. आधी झालेल्या छोट्या ट्रायल्सचे, म्हणजे पेशंटांचे दोन गट करून उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे, निकालही एकमेकांशी जुळत नव्हते.

टाटा मेमोरियलमध्ये डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये यावर ट्रायल सुरू केली. २०१५ मध्ये ती न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. ५०० पेशंटांच्या विश्लेषणात तीन वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण मान आधीच ऑपरेट केलेल्या गटात ८० टक्के होतं, वाट पाहिलेल्या गटात ६७.५. म्हणजे साधारण आठ जणांची मान आधीच ऑपरेट केली की एक मृत्यू टळतो. फरक इतका स्पष्ट होता की पुढची भरती थांबवली. खर्च टाटा मेमोरियल सेंटरनेच केला होता. यात विकण्यासारखं औषध नाही, तेव्हा कुठली कंपनी पैसे घालणार?

अकरा वर्षं लागली, हे भावाला नीट ऐकवा. एमसीएच (एमएसनंतरची सुपरस्पेशालिटी पदवी), मग सिनियर रेसिडेंटशिप, मग नोकरी, आणि त्यात एक प्रश्न दशकभर धरून ठेवायचा. प्रमोशनसाठी पेपर टाकणं हा वेगळा धंदा आहे. तो सगळेच करतात, त्याने पेशंटचं काही बदलत नाही.

कौशल्यापेक्षा स्वभावाची परीक्षा जास्त होते. ट्रायलमध्ये घेताना पेशंटला सांगावं लागतं की दोन्हींपैकी चांगलं काय ते आम्हाला माहीत नाही, कॉम्प्युटर ठरवेल. समोरचा माणूस गावाकडून सुपारी एवढी गाठ घेऊन आलेला असतो. तो म्हणतो, "डॉक्टर, तुमच्यावर विश्वास ठेवून आलोय, आणि तुम्ही चिठ्ठ्या टाकताय?" बायको शेजारी फाईल मांडीवर घेऊन बसलेली. इथे "बरं, मी सांगतो तेच करू" म्हणायचा मोह फार होतो, कारण सर्जनला ठाम बोलायची सवय असते. मोह आवरून तीच गोष्ट पुन्हा, सोप्या भाषेत समजावता आली पाहिजे. त्यानंतर तो नाही म्हणाला तर तेही निमूट मान्य करता आलं पाहिजे.

दुसरं, फॉलो-अप. निम्मी ट्रायल फोनवर चालते. नंबर बदललेला असतो, मेहुणा उचलतो, "ते गावाला गेलेत" म्हणतो. पेशंट बरा आहे म्हणून येत नाही की गेला म्हणून, हे कळेपर्यंत सोशल वर्कर पिच्छा सोडत नाही. हे लोक नसतील तर पेपरमधला आलेख सरळ खोटा ठरेल. पण पेपरवर नाव क्वचितच त्यांचं असतं, हा माझा जुना राग आहे.

आणि प्रश्न संपलेत असं भावाला वाटत असेल तर तसंही नाही. सगळ्यांची मान उघडण्यापेक्षा जिथे आजार आधी पोचतो ती एक-दोन गाठीच काढून तपासल्या तर? फ्रान्समधून २०२० मध्ये आणि जपानमधून २०२१ मध्ये ट्रायल्स आल्या, त्यात पेशंटांचं आयुष्य कमी झालं नाही आणि मान-खांद्याचा त्रास कमी राहिला. पण त्यासाठी रेडिओअ‍ॅक्टिव्ह औषध, ते कुठे साचलंय हे शोधणारं गॅमा प्रोब हे यंत्र आणि तयारीचा पॅथॉलॉजिस्ट लागतो. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी हे कसं बसवायचं, हा इथल्याच सर्जनने सोडवायचा प्रश्न आहे.

सध्या त्याने एवढंच करावं: एमएसचा थिसिस कॉपी-पेस्ट न करता स्वतः करावा, आकडेशास्त्राला घाबरू नये, आणि एमसीएचसाठी संस्था निवडताना तिथे किती ऑपरेशनं होतात याबरोबर पाच वर्षांपूर्वीच्या पेशंटांचा पत्ता त्यांच्याकडे आहे का, हेही विचारावं. पुढे स्वतःचा प्रश्न सापडला की टाटाच्या पुढाकाराने होणाऱ्या क्रेडो या कॅन्सर-संशोधनाची पद्धत शिकवणाऱ्या कार्यशाळेला अर्ज करावा. तिथे कच्ची कल्पना घेऊन जातात आणि पूर्ण प्रोटोकॉल, म्हणजे अभ्यासाचा लेखी आराखडा, लिहून परततात.