मदरबोर्ड बदलण्याआधी कॅबिनेट उघडा

या खेपेच्या प्रश्नांत निम्मे एकाच जातीचे आहेत : दुकानदार अमुक घ्या म्हणतोय, घेऊ का? त्यातले आणि बाकीचे मिळून सहा घेतलेत.

प्रश्न (वडगाव, बेळगाव) : गेम लावला की वीस-पंचवीस मिनिटांत कॉम्प्युटर धाडकन बंद पडतो. दुकानदाराने 'कर्नल-पॉवर ४१' अशी एरर दाखवली आणि मदरबोर्ड गेलाय म्हणाला. शिवाय तीन लायटिंगवाले पंखे बसवा म्हणतो. घरात खाली चार यंत्रमाग आहेत, लाईट सारखी कमी-जास्त होते.

उत्तर : ती ४१ नंबरची नोंद म्हणजे निदान नव्हे. 'मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो' एवढंच विंडोज त्यात लिहून ठेवतं. चालू कॉम्प्युटरची वायर उपसलीत तरी तीच नोंद पडेल. तिच्यावरून मदरबोर्ड गेला म्हणणं म्हणजे दारात चप्पल दिसली नाही म्हणून माणूस गावाला गेला असं ठरवणं.

मला तुमच्या पत्रात मदरबोर्डपेक्षा माग महत्त्वाचे वाटतात, आणि ते दोन बाजूंनी त्रास देतात. पहिली बाजू सुताच्या तंतूंची. हे तंतू साध्या धुळीसारखे उडून जात नाहीत, प्रोसेसरवरच्या हीटसिंकच्या (त्याची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांत गुंतून बसतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो. तो पंखा उचललात की खाली गोधडीच्या अस्तरासारखा थर निघतो, आणि त्यातून वारं जायला जागाच नसते. दुसरी बाजू व्होल्टेजची. मागाची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते आणि तेवढ्यापुरतं घरातलं व्होल्टेज खाली बसतं.

यातलं नेमकं कुठलं, ते फुकटात कळतं. 'एचडब्ल्यूइन्फो' नावाचं सॉफ्टवेअर टाका, त्यात तापमानाची नोंद चालू करा आणि गेम खेळा. बंद पडण्याआधीचा शेवटचा आकडा ९५-१०० अंशांच्या घरात असेल तर दोष उष्णतेचा. ६५-७० वरच बंद पडत असेल तर संशय पॉवर सप्लायवर किंवा व्होल्टेजवर घ्या. माग बंद असतात त्या दिवशी तीच गेम तेवढाच वेळ खेळून बघा, म्हणजे दोन्ही वेगळे होतील. व्होल्टेजचं निघालं तर लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएस घ्या. तो बॅटरीवर न जाताच व्होल्टेज थोडंफार सावरून घेतो.

सफाई करताना वायर काढा, पॉवरचं बटन चार-पाच सेकंद दाबून धरा, आणि ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हे शेवटचं मी अनुभवाने सांगतोय. एकदा गाडीच्या गॅरेजमधल्या हवेच्या पाइपने साफ करायला गेलो, पंखा भिंगरीसारखा गरगरला, मजाही वाटली. त्या दिवसापासून तो पंखा जो खरखरायला लागला तो बदलेपर्यंत. हीटसिंक काढलात तर त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली जुनी पेस्ट पुसून नवी लावावीच लागते. तुरीच्या दाण्याएवढी पुरे, डोशासारखी पसरू नका.

आणि ते लायटिंगवाले पंखे? तुमच्या घरात जास्त पंखे म्हणजे आत जास्त सूत. त्यापेक्षा समोरच्या जाळीवर नायलॉनची बारीक जाळी लावा आणि आठवड्याला ब्रश मारा.

प्रश्न (अथणी) : नवीन ग्राफिक्स कार्ड बसवलं, तरी गेम पहिल्यासारखीच अडकते.

उत्तर : कॉम्प्युटरच्या मागे जाऊन बघा. मॉनिटरची केबल अजून मदरबोर्डच्याच खाचेत असणार. ती काढून खाली कार्डाच्या खाचेत लावा. तरी अडकली तर पुन्हा लिहा.

प्रश्न (निपाणी) : तंबाखूच्या व्यापाराचा हिशोब चौथ्या पिढीच्या आय-फाइव्हवर, टॅलीमध्ये ठेवतो. विंडोज १० बंद झालं म्हणतात. मुलगा विंडोजऐवजी लिनक्स टाका म्हणतो, दुकानदार नवीन घ्या म्हणतो.

उत्तर : विंडोज १० बंद पडलेलं नाही, १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा आधार संपला. म्हणजे मशीन चालेल, पण सुरक्षेचे अपडेट येणार नाहीत. घरगुती वापराच्या विंडोजला नोंदणी करून ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते तुमच्यात बसत नाही. आडवाटेने बसवून देणारे भेटतील, पण पुढचे अपडेट येतील याची हमी नसते. हिशोबाच्या मशीनवर हा खेळ नको.

मुलाचं म्हणणं एरवी बरोबर आहे. लिनक्स मिंट जुन्या मशीनवर छान चालतं, पत्रं आणि तक्त्यांना लिब्रेऑफिस पुरतं. पण टॅली विंडोजचं सॉफ्टवेअर, तिथे गाडी अडते. तेव्हा आधी एक साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाका, कारण मशीनचा संथपणा बहुतेक जुन्या फिरत्या हार्ड डिस्कचा असतो. नोंदणीची मुदत असेतो असंच चालवा आणि तोवर आठव्या पिढीपुढचं चांगलं वापरलेलं मशीन शोधा. ही एसएसडी काढून त्यात बसवता येते, पैसे वाया जात नाहीत. जुनं मशीन मुलाला द्या, लिनक्स टाकू दे.

प्रश्न (खानापूर) : वळवाच्या पावसात विजा फार. यूपीएसला प्रिंटरही जोडू का? आमचं इंटरनेट फायबरचं आहे, तिथून तर धोका नाही ना?

उत्तर : लेझर प्रिंटर असेल तर मुळीच जोडू नका. शाईची पूड तापवताना तो क्षणात इतका भार ओढतो की ६०० व्हीएचा यूपीएस, जो साधारण ३६० वॅटच पेलतो, किंचाळून मान टाकतो. फायबर काचेची, तिच्यातून करंट येत नाही हे खरं, पण राउटरचा अडॅप्टर भिंतीतच असतो आणि राउटर ते कॉम्प्युटर ही लॅनची वायर तांब्याची. गडगडायला लागलं की प्लग आणि लॅन दोन्ही काढा. अर्थिंग नीट नसेल तर महागडा स्पाइक गार्डही जवळजवळ एक्स्टेन्शन बोर्डच.

प्रश्न (टिळकवाडी, बेळगाव) : टायपिंगचं काम करते. मराठी लग्नपत्रिका आणि कानडी अर्ज दोन्ही येतात. कानडीसाठी वेगळा कीबोर्ड घेऊ का? मेकॅनिकल बरा का?

उत्तर : ताई, कीबोर्ड एकच पुरे. इनस्क्रिप्ट शिका. ही बटनांवरच्या अक्षरांची मांडणी भारतीय लिप्यांना सामाईक आहे, आणि आपल्या भागाइतका तिचा फायदा क्वचित कुठे होत असेल. इंग्रजी 'के'च्या बटनावर मराठी क, तिथेच कानडी क. 'एन'वर ल, शिफ्ट धरून ळ, दोन्हीकडे तसंच. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. कानडीत ऱ्हस्व ए-ओ जास्तीचे आहेत. त्यांच्या खुणांपैकी ए 'झेड'वर आणि ओ टॅबच्या वरच्या बटनावर, एवढं वेगळं लक्षात ठेवायचं. विंडोजच्या सेटिंगमध्ये दोन्ही भाषा जोडा, मग विंडोजचं बटन आणि स्पेसबार दाबून लिपी बदला. स्टिकर लावू नका, नजर खाली राहते. अडलात तर विंडोज, कंट्रोल आणि ओ एकत्र दाबा, पडद्यावर कीबोर्ड येतो.

दुसऱ्या छापखान्याकडून आलेली मराठी फाइल तुमच्याकडे चिन्हांचा काला दिसत असेल, तर ती युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर अक्षर सारखंच ठेवणारी पद्धत) येण्याआधीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. ती खराब झालेली नसते. तोच फॉन्ट टाका किंवा कन्व्हर्टरने युनिकोड करा, पण नंतर रफार आणि जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. लग्नपत्रिकेत आडनावाचा रफार गेला तर सोयरे सोडत नाहीत.

मेकॅनिकल (प्रत्येक बटनाखाली वेगळा स्विच असलेला) घ्यायचा तर ब्राऊन किंवा रेड स्विचचा. ब्ल्यू स्विच टकटक करतात, गिऱ्हाइकाचा फोन ऐकू येणार नाही.

प्रश्न (संकेश्वर) : बाजारात २ टीबीचा पेन ड्राइव्ह चारशे रुपयांत मिळाला. लग्नाचे फोटो टाकले, निम्मे उघडत नाहीत.

उत्तर : तो बहुधा ३२ किंवा ६४ जीबीचा आहे. आतल्या कंट्रोलर चिपला २ टीबी असं खोटं सांगायला शिकवलेलं असतं. खरी जागा भरली की पुढचे फोटो हवेत जातात किंवा आधीच्यांवर लिहिले जातात, पण नावं मात्र यादीत सगळी दिसतात. गेलेले फोटो त्यातून परत मिळणार नाहीत. कॅमेऱ्याचं कार्ड अजून फॉरमॅट केलं नसेल तर फोटोग्राफरला आजच फोन करा. पुढे कुठलाही पेन ड्राइव्ह घेतलात की रिकामा असतानाच 'एचटूटेस्टडब्ल्यू' चालवा. ते तो काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून बघतं. २ टीबीला रात्रभराहून जास्त लागेल, पण तुमच्यासारखा असेल तर शेवटी बिंग फुटतंच.