आई शुद्ध शाकाहारी आहे, तिला घेऊन बँकॉकला आठवडाभर खायला-फिरायला जायचंय. ग्रुप टूर घ्यावी की स्वतः प्लॅन करावा?

स्वतः करा. "आईचे जेवणाचे हाल होतील" हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. लांबेल थोडं.

२०१७ मध्ये दादाने आईला ग्रुप टूरने बँकॉक-पटाया करून आणलं. कंपनीचं नाव घेत नाही, पण रोज संध्याकाळी बस त्याच भारतीय हॉटेलात, तीच पनीरची भाजी, तोच जिरा राईस, रत्नांच्या शोरूममध्ये दोन तास आणि ग्रँड पॅलेसमध्ये पाऊण तास. परत आल्यावर शेजारच्या काकूंनी विचारलं, तिकडची माणसं काय खातात हो? आईला सांगता येईना, गप्पच बसली. मला ते फार लागलं, कारण कुणाकडे जेवली तर कृती विचारून घेतल्याशिवाय न उठणारी बाई आहे ती.

मग २०२३ मध्ये म्हटलं आता मी नेते. सुट्टी मिळाली १८ ते २५ ऑक्टोबर, म्हणजे ऐन नवरात्र, त्यात त्या वर्षी अधिक श्रावणामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा आणि आई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. दादा भडकलाच. घरात घट बसलेले असताना हिला कुठे नेतेस, तिथे पाण्यालासुद्धा मासळीचा वास, उपाशी राहील ती. घट वहिनीने सांभाळले, तिचे उपकार मी विसरणार नाही. आणि आई म्हणाली, देवी काय फक्त चिपळूणलाच असते का, काढ तिकिटं.

दादाला हे माहीत नव्हतं की चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस थायलंडमध्ये 'जे'चा सण असतो. मांस, मासे, अंडी, दूध बंद आणि कांदा-लसूणही बंद! बहुतेक वर्षी तो आपल्या नवरात्रातच येतो, २०२३ ला तर दोन्ही १५ ऑक्टोबरलाच सुरू झाले. खाण्याच्या गाड्यांवर पिवळ्या पताका लागतात, त्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं असतं, ते थाई अक्षर इंग्रजी सतराच्या आकड्यासारखं दिसतं. आईला एवढंच सांगितलं, सतरा दिसलं की बिनधास्त खायचं. दुसऱ्या दिवसापासून तीच मला हाताला धरून दाखवायला लागली.

आम्ही हुआ लाम्फोंग मेट्रो स्टेशनजवळ राहिलो, पुढचंच स्टेशन वाट मांगकोन (थाईत 'वाट' म्हणजे देऊळ), उतरलं की याओवारात, म्हणजे तिथलं चायनाटाऊन. तिथे एक बाई खनोम क्रोक करत होती, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, आणि भांडं म्हणजे हुबेहूब आपलं आप्पेपात्र. आई तिथून हलेना. मग खनोम तोम मिळालं, तांदळाच्या पिठाची उकडलेली गोळी, आत ओलं खोबरं आणि ताडाचा गूळ, वरूनही खोबरं. आईने एक तोंडात टाकलं आणि म्हणाली, अगं हे तर मोदकाचं सारण. हे तिथे देवाला नैवेद्यालाही ठेवतात हे सांगितल्यावर तिचे डोळे भरून आले. अष्टमीच्या उपासाला नारळाच्या दुधातला गोड साबुदाणा खाल्ला. उपाशी राहील म्हणे!

ग्रँड पॅलेसला (तिकीट ५०० बाथ, खांदे-गुडघे झाकलेले हवेत) आम्ही सव्वातीन तास होतो. आत वाट फ्रा केओच्या ओवऱ्यांच्या भिंतींवर रामकियन म्हणजे थाई रामायण रंगवलंय, १७८ चित्रं. त्यात हनुमान एका मत्स्यकन्येशी लग्न करतो हे ऐकून रोज मारुतिस्तोत्र म्हणणारी माझी आई पाच मिनिटं काही बोललीच नाही, मग म्हणाली पुढचं सांग. पाऊण तासात हे कोण दाखवणार होतं? आणि दसऱ्याच्या रात्री सिलोम रोडवर मारिअम्मन देवीच्या देवळाची, ज्याला तिथे वाट खॅक म्हणतात, मिरवणूक होती. रस्ताभर झेंडू, नारळ, दिवे, आणि हात जोडून उभे असलेले हजारो थाई लोक. आईने तिथूनच दादाला व्हिडिओ कॉल लावला.

आता तुमचं प्लॅनिंग. मेट्रोच्या निळ्या लाईनवर कुठेही राहा. सनाम चाईला उतरून वाट फो (४६ मीटर लांब निजलेला बुद्ध), तिथून बोटीने पलीकडे वाट अरुण, आणि त्याच स्टेशनजवळ पाक क्लोंग तलात हा फुलबाजार, रात्रीही चालू असतो. चतुचक बाजार शनिवार-रविवारी, तोही याच लाईनवर. एक दिवस रेल्वेने अयुथ्याला जा, १३५० मध्ये वसलेली जुनी राजधानी, बर्मी सैन्याने १७६७ मध्ये उद्ध्वस्त केली. बाकीचे दिवस मोकळे ठेवा, उगाच यादी भरू नका. "पॅलेस आज बंद आहे, चला मी दुसरीकडे नेतो" असं सांगणाऱ्या टुकटुकवाल्याच्या नादी लागू नका, तो शोरूमलाच नेतो. निघायच्या आधी तीन दिवसांत ऑनलाईन अरायव्हल कार्ड भरायचं, ते फुकट असतं. व्हिसाचे नियम बदलत असतात, तिकीट काढायच्या आधी बघून घ्या.

हो, एक सांगायला हवं. सण २३ ला संपला आणि २४ ला पताका गायब. त्या दुपारी आईने नुसता भात आणि फळं खाल्ली, रात्री फाहुरातला म्हणजे तिथल्या लिटल इंडियात जाऊन जेवलो. एरवीच्या दिवसांत जवळजवळ सगळ्यात नाम प्ला म्हणजे माशाचा सॉस असतो, भाजीतसुद्धा, तेव्हा "किन जे" (म्हणजे 'जे' खाते) एवढे दोन शब्द आईलाही पाठ करून द्या, जेची दुकानं वर्षभर असतात पण शोधावी लागतात. ऑक्टोबरमध्ये पाऊस असतो. आईचे गुडघे दुखत असतील तर मेट्रो स्टेशनात लिफ्ट कुठल्या गेटला आहे ते आधी बघून ठेवा, आमची एकदा खूप पायपीट झाली. आणि व्हीलचेअर किंवा तब्येतीचं खरंच काही असेल तर टूर घ्या, पण जेवणासकट नको, संध्याकाळ तरी तुमच्या हातात राहू दे.

खनोम क्रोक आई आता घरी आप्पेपात्रातच करते. गेल्या रविवारी दादाने बारा खाल्ले.