फोटोतली ती बाई कोण, हे आत्ताच विचारून ठेवा

टोरंटोहून एका ताईंनी विचारलंय: आई गेल्यावर सांगलीचं घर आवरलं, चार आल्बम बॅगेत घालून इकडे आणले. मुलं झोपली की ते उघडून बसते आणि रडू आवरत नाही. नवरा म्हणतो, काही दिवस बेसमेंटमध्ये ठेवून दे. काय करू?

ताई, बेसमेंटमध्ये मात्र ठेवू नका. तिथल्या ओलीने फोटोंना बुरशी धरते. राहत्या खोलीतल्या कपाटाचा मधला कप्पा बरा. आणि रडू येतंय तर येऊ दे. आई जाऊन घरही गेलंय, एवढं तर होणारच. फक्त रोज रात्री एकटीने बसू नका.

माझ्या वडिलांचा आल्बम काळ्या जाड पानांचा, मध्ये बटरपेपर, फोटो चार कोपऱ्यांत खोचलेले. आग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्याच्या एका रोलवर बाराच फोटो निघत, त्यामुळे उगाच कुणी बटण दाबत नसे. त्यात वाड्याच्या पायऱ्यांवरचा एक फोटो आहे. नऊवारीतल्या एका बाईंनी पाच-सहा वर्षांच्या माझ्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवलाय, अगदी हक्काने. त्या कोण, हे फक्त काकूला ठाऊक असणार. तिला मी दर रविवारी फोन करायचे, गुडघे कसे आहेत, पाऊस पडला का, एवढंच बोलायचे. काकू गेली आणि दोन महिन्यांनी मी तो आल्बम उघडला. त्या बाई कोण, मला आजही माहीत नाही.

म्हणून विचारते, तुमच्याकडे आत्या, मावशी, आईची मैत्रीण, कुणी आहे का? येत्या रविवारी व्हिडिओ कॉल लावा. उन्हाळ्यात तुमचे सकाळचे नऊ म्हणजे तिकडे संध्याकाळचे साडेसहा, थंडीत साडेसात. फोटो आधी पाठवून ठेवा, म्हणजे त्या चष्मा लावून नीट बघतील. त्यांना विचारून रेकॉर्डिंग सुरू ठेवा. ‘जुन्या आठवणी सांगा’ म्हटलं की माणसं गप्प होतात. ‘हे लुगडं कुणाचं? मागचा दरवाजा कुठे उघडायचा?’ असं विचारा. आणि फोटो कुणी काढला, हेही. काढणारा माणूस बहुतेक वेळा एकाही फोटोत नसतो.

कळलेली नावं फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

चिकट पानांचे, वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले आल्बम असतील तर फोटो ओढून काढू नका. आधी पानासकट स्कॅन करा, ६०० डीपीआयवर (स्कॅन किती बारकाईने व्हावं, याचं ते स्कॅनरमधलं माप). मग दात साफ करायचा फ्लॉसचा दोरा फोटोखालून हळूहळू सरकवा. तरीही सुटत नसेल तर राहू द्या. लाल पडलेल्या रंगीत फोटोंचे रंग स्कॅनवर बरेच सुधारता येतात. निगेटिव्हची पाकिटं सापडली तर ती जिवापाड जपा.

मुलांपुढे चारही आल्बम मांडू नका. तुमची मुलगी नऊ वर्षांची असेल तर आजीचा त्याच वयाच्या आसपासचा एकच फोटो काढा, दोन वेण्यांचा, गुडघ्याला खरचटलेला, आणि जेवणाच्या टेबलावर ठेवून द्या. ती विचारेल तेव्हा सांगा.